'पटणे' आणि 'दाखवणे' : सहज मताच्या मीमांसेसाठी काही टिपणे

मराठी समीक्षेत 'रसिक' हा शब्द जितका वापरला गेला तितका तपासला गेलेला नाही. समीक्षक रसिकाच्या नावाने बोलतो, पण रसिकाला बोलू देत नाही. संस्कृत साहित्यशास्त्राने कल्पिलेला 'सहृदय' हा काव्याच्या अखंड परिशीलनाने ज्याचे मन आरशासारखे लख्ख झाले आहे असा अधिकारी पुरुष आहे. त्याची अनुभूती वर्णिली जाते, त्याचे मत विचारले जात नाही. दुसऱ्या टोकाला रंजनाचा ग्राहक उभा आहे. भालचंद्र नेमाडे यांनी 'टीकास्वयंवर'मध्ये मराठी कादंबरीच्या प्रवृत्तींची जी मांडणी केली, तीत १८६१ च्या 'मुक्तामाले'पासून निघालेल्या रंजनप्रवाहाचा वाचक हा त्या कादंबऱ्यांवरूनच अनुमानलेला आहे. कादंबरी भाबडी, म्हणून वाचक भाबडा. पुढे पाश्चात्त्य वाचककेंद्री सिद्धान्तांतून आपल्याकडे 'गर्भित वाचक' आला. तोही संहितेच्या पोटातला. या तिघांचेही वैशिष्ट्य असे की ते कधी तोंड उघडत नाहीत.

तोंड उघडणारा रसिक मात्र आपल्या भोवती सर्वत्र आहे. तो चित्रपट पाहतो, मालिका बघतो, वाचनालयातून कादंबरी आणतो आणि लगेच काहीतरी म्हणतो. 'बरा होता', 'लांबवला', 'शेवट चुकला', 'काहीही दाखवतात'. या उद्गारांना आपण समीक्षापूर्व, अपरिपक्व, केवळ प्रतिक्रिया मानतो. भरताने तसे मानले नव्हते. नाट्यशास्त्राच्या सत्ताविसाव्या अध्यायात प्रयोगाच्या 'सिद्धी'चा विचार करताना प्रेक्षकांचे स्मित, हास्य, 'साधु', 'अहो', 'कष्टम्' असे उद्गार ही प्रयोगाच्या यशाची लक्षणे म्हणून नोंदवली आहेत. कोणत्या वयाच्या आणि वृत्तीच्या प्रेक्षकाला काय रुचते याचाही तेथे निःसंकोच विचार आहे. रससूत्रावर आपण शतकानुशतके भाष्ये केली. या अध्यायाच्या वाट्याला त्या मानाने फारच थोडे आले.

प्रस्तुत लेखात या सहज मताची भाषिक घडण तपासायची आहे. त्यासाठी सोलापुरातील भवानी पेठेचा परिसर डोळ्यांसमोर ठेवला आहे, आणि ही निवड केवळ परिचयामुळे केलेली नाही. सहज मत हे मत देणाऱ्याच्या कामातून, वेळेतून आणि भाषेतून घडते, असे माझे म्हणणे आहे. या तिन्ही गोष्टी ज्या वस्तीत उघड्यावर दिसतात तेथे ते तपासणे सोयीचे.

सोलापूरचा 'पूर्व भाग' म्हणून जो ओळखला जातो त्यात भवानी पेठ येते. घोंगडे वस्ती, मड्डी वस्ती ही नावे याच पेठेतली. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांच्या पिढ्या या भागात हातमागावर आणि नंतर यंत्रमागावर चादरी व टॉवेल विणत आल्या. घरातल्या स्त्रिया विड्या वळत आल्या. घरात तेलुगू, बाजारात व शाळेत मराठी, शेजारी कन्नड आणि सर्वांच्या मध्ये सोलापुरी वळणाची हिंदी, असा येथला भाषाव्यवहार. लक्ष्मीनारायण बोल्ली यांच्यासारखा तेलुगू मातृभाषेचा कवी-अनुवादक मराठीत 'एका साळियाने' या नावाचे आत्मकथन लिहितो तेव्हा त्यामागे हीच भाषिक वहिवाट असते.

यातील विडीकामाचा मुद्दा आपल्या विषयाशी थेट निगडित आहे. विडी वळताना डोळे आणि हात गुंतलेले असतात. कान मोकळे असतात. हवानातील चिरूट कारखान्यांत १८६५ पासून कामगारांना कादंबऱ्या व वर्तमानपत्रे मोठ्याने वाचून दाखवणारे वाचक असत. केरळात कण्णूरच्या विडी कारखान्यांतही अशीच प्रथा होती आणि तेथील कामगारांच्या राजकीय शहाणपणात तिचा वाटा मोठा आहे. सोलापुरात पाने व तंबाखू घरी आणून विड्या वळायच्या आणि तयार माल कारखान्यात नेऊन द्यायचा, ही घरखेपेची पद्धत रूढ झाली. कारखान्यातला सामुदायिक श्रोता येथे घराघरांत विखुरला. त्याच्या मोकळ्या कानाची जागा आधी रेडिओने आणि मग दूरचित्रवाणीने घेतली. सूप मांडीवर आणि संच समोर. या स्थितीत मालिका 'पाहिली' जाते असे म्हणणे अर्धसत्य आहे. ती बव्हंशी ऐकली जाते. म्हणून संवादांचा पुनरुक्त पाल्हाळ, प्रत्येक प्रसंगाला ठोकून दिलेले पार्श्वसंगीत, एकच बातमी चार पात्रांनी चार वेळा सांगणे, ज्या गोष्टींना आपण मालिकांचे कलादोष म्हणतो, त्यांची येथे वेगळी सोय आहे. मान वर न करता कथा हाती राहते. यावरून त्या गोष्टी गुण ठरतात असे मी म्हणत नाही. परंतु ज्या ग्रहणस्थितीसाठी त्या घडल्या ती लक्षात न घेता दिलेला निकाल अपुरा असतो. मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने मिळते; म्हणजे ज्या मालिकेसाठी हात थांबवून मान वर करावी लागते, तिची किंमत विडीवाली शब्दशः मोजत असते. 'हात थांबला' ही त्या स्थितीतली सर्वांत मोठी दाद म्हणायला हवी.

आता प्रत्यक्ष उद्गारांकडे वळू. मालिकेविषयी बोलताना मराठी प्रेक्षक एका क्रियापदाशिवाय पुढे जाऊच शकत नाही. ते क्रियापद 'दाखवणे'. 'तिला आता गरोदर दाखवलंय', 'त्याला गरीब दाखवलाय, पण घर बघा केवढं', 'दोघींची भांडणं दाखवतायत'. कर्ता सांगितलेला नसतो. 'दाखवतात' कोण? लेखक, दिग्दर्शक, वाहिनी, 'ते लोक'. सामान्य प्रेक्षक कल्पित आणि वास्तव यांची गल्लत करतो, खलनायिकेला रस्त्यात शिव्या देतो, अशी आपली आवडती समजूत आहे. भाषेचा पुरावा उलट आहे. 'ती गरोदर आहे' आणि 'तिला गरोदर दाखवलंय' यांतील अंतर हे कथाविश्व आणि कथनकर्ता यांतील अंतर आहे, आणि आपण पदव्युत्तर वर्गात अर्धे सत्र खर्च करून विद्यार्थ्यांना जे शिकवतो ते त्यांच्या घरी स्वयंपाकघरात सहज बोलले जाते. पुस्तकाबाबतही 'दिलंय', 'लिहिलंय', 'रंगवलाय' ही रूपे हेच काम करतात. 'कर्ण छान रंगवलाय' असे 'मृत्युंजय'विषयी बोलणारा वाचक महाभारतातील कर्णाबद्दल बोलत नसून शिवाजी सावंतांच्या कृतीबद्दल बोलत असतो, आणि मूळ कर्ण वेगळा असू शकतो हे त्या एका क्रियापदात त्याने मान्य केलेले असते.

दुसरा शब्द अधिक महत्त्वाचा आहे : 'पटणे'. 'पिक्चर चांगला होता, पण शेवट पटला नाही.' या वाक्यातील 'चांगला' आणि 'पटला' हे दोन स्वतंत्र निकष आहेत, आणि वक्त्याला ते स्वतंत्र असल्याची जाणीव आहे, हे त्यातील 'पण' सांगतो. मराठीत सौदा पटतो, भाव पटतो, दोन माणसांचे पटते, ओळख पटते आणि म्हणणेही पटते. बाजार, स्नेह, ओळख आणि तर्क या चार व्यवहारांना एकाच धातूने बांधणारा हा शब्द आपल्या समीक्षेच्या परिभाषेत शिरू शकला नाही, याचे मला नेहमी आश्चर्य वाटत आले आहे. मर्ढेकरांच्या लयतत्त्वापासून आस्वादक समीक्षेतील 'तन्मयते'पर्यंत आपण संज्ञा घडवल्या. पण रोज कोट्यवधी लोक जो निकष वापरतात त्याला पारिभाषिक प्रतिष्ठा दिली नाही.

कांटची सौंदर्यमीमांसा मराठीत सर्वाधिक गांभीर्याने रा. भा. पाटणकरांनी मांडली. कांटचा भेद सर्वपरिचित आहे. एखादे मद्य मला रुचते असे म्हणताना मी फक्त माझ्यापुरते बोलतो; एखादी वस्तू सुंदर आहे असे म्हणताना मात्र मी इतरांच्या संमतीवर हक्क सांगतो, आणि हा हक्क निःस्वार्थ आस्वादावर उभा असतो. 'आवडले' हे पहिल्या प्रकारात बसते. आवडीवर वाद नाही, म्हणून 'मला आवडलं बाबा' हे वाद संपवण्याचे वाक्य आहे. 'पटले' कोठे बसते? ते दोन्हींत बसत नाही. 'मला पटलं नाही' असे कोणी म्हणाले की समोरचा लगेच 'का?' असे विचारतो आणि उत्तर द्यावे लागते. म्हणजे त्यात संमतीची मागणी आहे, कारणांची देवघेव आहे. पण निःस्वार्थता नाही. कारण देताना वक्ता स्वतःच्या जगण्याचा आधार घेतो : 'एवढ्या पगारात असलं घर होतं का?', 'सासू अशी असते, पण सून अशी नसते.' सौदा पटतो तेव्हा दोन्ही पक्षांनी आपापले हित पाहिलेले असते. कृती पटते तेव्हाही प्रेक्षकाने आपले जग तराजूत टाकलेले असते. हितसंबंध न सोडता संमती मागणारा हा निर्णय कांटच्या चौकटीला बाहेरून धक्का देतो. केवळ संभाव्यतेचा निकष म्हणून त्याला ॲरिस्टॉटलच्या खात्यावर टाकून मोकळे होता येईल. पण ॲरिस्टॉटलची संभाव्यता कथानकाच्या अंगभूत आहे. 'पटणे' हे दोघांत घडते, कृतीत आणि तिच्यासमोर बसलेल्यात.

येथे एका आक्षेपाचा विचार केला पाहिजे. जे पटत नाही ते लोक वर्षानुवर्षे पाहतात कसे? ई टीव्ही मराठीवरील 'चार दिवस सासूचे' ही मालिका २००१ ते २०१३ या काळात चालली, तिचे तीन हजारांहून अधिक भाग झाले. टीआरपीची यंत्रणा कोणी काय पाहिले एवढेच मोजते. पाहिलेले पटले की नाही हे तिला कळत नाही, आणि उद्योगाला त्याची गरजही नसते. समीक्षकही बहुधा हाच हिशेब उचलतो व लोकप्रियता म्हणजे संमती असे धरून चालतो. दैनंदिन मालिकेच्या प्रेक्षकाचे मत मात्र पूर्ण कृतीवरचे मत नसते. कृती कधी पूर्ण होणार हेच ठाऊक नसताना तो रोज मत देतो, रोज मागे घेतो, दुरुस्त करतो. आपली समीक्षा शेवटचे पान उलटल्यावर सुरू होते; हिची मुळी सुरुवातच मध्यात आहे. न पटणाऱ्या मालिकेवर बोलण्यातच तिच्या पाहण्याचा निम्मा आनंद असतो. डच अभ्यासक इएन आंग यांनी १९८० च्या दशकाच्या आरंभी 'डॅलस' या अमेरिकी मालिकेविषयी प्रेक्षकांची मते एका स्त्रियांच्या मासिकातून मागवली, त्यांना बेचाळीस पत्रे आली. त्या मोजक्या पत्रांतून त्यांनी दाखवलेली गोष्ट मोलाची आहे : मालिका आवडणाऱ्यांना आपल्या आवडीचा बचाव करावासा वाटत होता, न आवडणाऱ्यांना मात्र कसलाही बचाव करावा लागत नव्हता. 'जनसंस्कृती वाईट' ही विचारसरणी दोघांच्याही वाक्यांत बसलेली होती.

हा संकोच भवानी पेठेतल्या कामकरी श्रोत्यात मला विशेष आढळत नाही. तो आढळतो आमच्या वर्गात. एम. ए.च्या विद्यार्थ्याला आवडते पुस्तक विचारा. तो अभ्यासक्रमातले नाव सांगतो. सुहास शिरवळकरांची 'दुनियादारी' त्याने दोनदा वाचलेली असते, पण ती तो सांगत नाही. म्हणजे पदवीच्या टप्प्यावर आपण त्याची अभिरुची किती बदलली हा प्रश्न शिल्लकच राहतो. आपण तिची वाच्यता तेवढी बंद केली. सार्वजनिक वाचनालयातल्या जुन्या कादंबऱ्यांच्या समासात पेन्सिलीने लिहिलेले 'खोटं', 'अगदी बरोबर', 'असंच होतं' हे शेरे निनावी असतात, यामागेही हेच असावे. ग्रंथपाल त्यांना पुस्तकाची नासधूस मानतात, आणि त्यांच्या जागी ते योग्यच आहे. आपण त्यांना मराठीतील सर्वांत प्रामाणिक निकटवाचन मानायला हरकत नव्हती.

चाहत्याचे सहज मत मराठीत छापील प्रतिष्ठेला पोहोचले नाही असे मात्र नाही. शिरीष कणेकर यांचे चित्रपटविषयक लेखन हे त्याचे ठळक उदाहरण. 'यादों की बारात', 'गाये चला जा' ही पुस्तके आणि 'माझी फिल्लमबाजी' हा एकपात्री कार्यक्रम यांतून त्यांनी चाहत्याच्या बोलण्याला एक गद्यशैली दिली : अतिशयोक्ती, बेधडक पक्षपात, दिलीपकुमार व लता यांच्यावरील निःसंकोच भक्ती आणि बाकीच्यांची यथेच्छ टिंगल. २०२३ मध्ये कणेकर गेले तेव्हा एका पिढीने स्वतःचेच बोलणे हरवल्यासारखी हळहळ व्यक्त केली, ती अकारण नव्हती. तरीही त्यांच्या गद्यात एक गोष्ट घडते. मत हे मत राहत नाही, त्याचा प्रयोग होतो. श्रोता हसतो, टाळी देतो, 'का?' असे विचारत नाही. कट्ट्यावर ज्या वाक्याला उलट वाक्य मिळाले असते, त्याला रंगमंचावर दाद मिळते. 'आवडले' याची परिसीमा येथे गाठली गेली, 'पटले' मात्र बाहेर राहिले. शिवाय हा चाहता भूतकाळाचा रहिवासी आहे. नवे त्याला मापायचे असते ते जुन्याच्या गजाने. त्याच्या लेखनाचे ऋण मान्य करूनही ते सहज मताचे प्रतिनिधी रूप मानता येत नाही.

प्रतिनिधी कोण, हा प्रश्न भाषेपाशी येऊन ठेपतो. मराठीत 'चाहता' म्हणतात, त्यात चाह आहे. 'रसिक' म्हणतात, त्यात रस आहे. तेलुगू आणि कन्नड या दोन्ही भाषांत यासाठी शब्द आहे 'अभिमानी'. कन्नड नट राजकुमार आपल्या प्रेक्षकांना 'अभिमानी देवरु' म्हणत, हे प्रसिद्धच आहे. मराठी कानाला या शब्दात गर्व ऐकू येतो, आणि तो ऐकू येणे सर्वस्वी चूक नाही. अभिमानी नटावर केवळ प्रेम करत नाही, त्याच्याशी आपला मान जोडतो. चिरंजीवी व तेलुगू चित्रपट यांवरील २००९ च्या ग्रंथात एस. व्ही. श्रीनिवास यांनी दाखवले आहे की हा अभिमानी आज्ञाधारक भक्त नसतो. नटाने काय करावे, काय करू नये यावर तो हक्क सांगतो. भवानी पेठेतला तेलुगू-मराठी तरुण हे दोन्ही शब्द जवळ बाळगून असतो. एकाच संध्याकाळी तो एका चित्रपटाचा चाहता आणि दुसऱ्याचा अभिमानी असू शकतो, आणि त्याच्या बोलण्याची जात त्यानुसार बदलते. चाहता म्हणून तो म्हणेल, 'दुसरा भाग पडला.' अभिमानी म्हणून हेच वाक्य तो दुसऱ्याला उच्चारू देणार नाही.

सहज मताचा गौरव करताना ही बाजू झाकता कामा नये. जेथे मान गुंतला तेथे 'पटणे' थांबते. 'का?' या प्रश्नाला तेथे कारणे मिळत नाहीत. प्रश्न विचारणाराच संशयित ठरतो. गेल्या काही दशकांत चित्रपट व पुस्तकांवरील वादांत 'भावना दुखावल्या' या शब्दप्रयोगाने जी जागा व्यापली, ती 'पटले नाही' या शब्दांची होती. न पटलेल्या कृतीशी वाद घालता येतो. दुखावलेल्या भावनेला फक्त माफी चालते. लोकप्रिय संस्कृतीच्या अभ्यासात चाहत्याला 'प्रतिकार करणारा' म्हणून सरसकट गौरवण्याची जी लाट आली, तिने हा फरक पुसट केला असे माझे मत आहे.

हे सारे एका कृतीत एकत्र पाहायचे तर 'सैराट' (२०१६) कडे वळावे लागते. नागराज मंजुळे सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळा तालुक्यातील जेऊरचे. चित्रपटाचा पूर्वार्ध त्याच परिसरात घडतो. त्याच्या शेवटाविषयी तेव्हा जो उद्गार सर्वत्र ऐकू आला तो असा : 'शेवटी मारायला नको होतं.' या वाक्याला कर्ता नाही. कोणी मारायला नको होते? आर्चीच्या भावाने, की दिग्दर्शकाने? 'मारले' हे येथे 'दाखवले'च्या जातीचे क्रियापद झाले आहे. एका दमात ते जातीच्या नावाने होणाऱ्या हत्येचा निषेध करते आणि पटकथेवर आक्षेपही घेते. यातले नैतिक कोणते आणि कलाविषयक कोणते हे बोलणाराही वेगळे करणार नाही. याला ठरलेले उत्तर मिळे : 'खऱ्यात मारतातच की.' म्हणजे कृती पटते, आणि ती पटते हेच असह्य आहे. मंजुळे यांनी अखेरच्या दृश्यातून आवाज काढून घेतला, रक्ताच्या पावलांनी चालणारे मूल तेवढे उरवले. एरवी कानाने पाहणाऱ्या प्रेक्षकाला तेथे डोळ्यांशिवाय आधार नाही. हात थांबवणारी ती जागा आहे.

याच चित्रपटाचा उत्तरार्ध हैदराबादेत घडतो. आर्ची आणि परश्या पळून जातात ते भाषा न कळणाऱ्या शहरात. झोपडपट्टी, बाटल्या भरण्याचा कारखाना, भोवती न समजणारे शब्द. आर्ची हळूहळू तेलुगू शिकते, आणि तिचे नवे आयुष्य त्या शिकण्यातून आकार घेते. चित्रपटाचा गर्भित प्रेक्षक तेलुगू न कळणारा आहे. आर्चीचा परकेपणा त्याने तिच्याबरोबर भोगावा अशी रचना आहे. भवानी पेठेतला तेलुगूभाषक प्रेक्षक या रचनेत बसत नाही. नायिकेला जे कळत नाही ते त्याला घरच्यासारखे कळते. पूर्वार्धातले करमाळ्याकडचे मराठी त्याला शिकून आपलेसे करावे लागले आहे, उत्तरार्धातली भाषा त्याला आईकडून मिळाली आहे. चित्रपट जेथे दूर जातो तेथे तो घरी येतो. त्याच्या आज्या-पणज्यांनी पोटासाठी निजामाच्या मुलखातून सोलापूरच्या मागांकडे वाट धरली होती. ही दोघे त्याच वाटेने उलट जातात. 'दुसरा भाग लांबला' अशी तक्रार मराठी प्रेक्षकांत सर्रास ऐकू येत होती. या प्रेक्षकाच्या तोंडून 'दुसरा भागच पटला' असे आले तर त्यातील 'पटणे' हे सौद्याचे, तर्काचे की ओळखीचे, हे त्यालाच विचारावे लागेल.